सोलेनॉइड व्हॉल्व्हची पाइपिंग आणि वायरिंग, फिटर आणि वायरमन दोघांनी वाचावी अशी

सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेच्या कॉइलनं हवेची वाट बदलणारा व्हॉल्व्ह, कारखान्यात अशा जागी बसलेला असतो की अर्धा फिटरचा, अर्धा वायरमनचा. फिटर म्हणतो मी पाइप जोडून दिलेत, बाकी वायरमन बघेल, वायरमन म्हणतो माझी सप्लाय बंद आहे म्हणजे मशीन बंद आहे, आणि बहुतेक अपघात याच दोन वाक्यांच्या मधल्या जागेत होतात. म्हणून खाली लिहिलंय ते दोघांसाठी लिहिलंय, फिटरनं वायरिंगचा भाग सोडू नका आणि वायरमननं हवेचा.

आधी एक घडलेलं सांगतो. भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये मी मेंटेनन्सला होतो, ड्रिलिंगचा एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन) होता आणि जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, पकडायला ६३ बोअरचा (आतून ६३ एमएम व्यासाचा) हवेचा सिलेंडर. सेकंड शिफ्टला क्लॅम्पखाली चिप अडकली, क्लॅम्प अर्ध्यात थांबला. हेल्परनं पॅनलचा एमसीबी पाडला, वर हवेचा बॉल व्हॉल्व्ह पण बंद केला, म्हणजे त्याच्या परीनं त्यानं सगळं बरोबर केलं, आणि पक्कडीनं चिप ओढली. चिप सुटली तसा सिलेंडर उरलेला स्ट्रोक पूर्ण करून मोकळा झाला. करंगळीचं टोक गेलं. कारण साधा बॉल व्हॉल्व्ह वरून येणारी हवा थांबवतो पण त्याच्या खालची, पाइपमध्ये आणि सिलेंडरमध्ये भरलेली हवा तिथंच राहते, तिला बाहेर पडायला वाटच नसते. ६३ बोअर, ६ बार, हिशोब केला तर साधारण १९० किलोचा जोर होतो. ५० बोअर असला तरी १२० किलो. बोटाला ते दोन्ही सारखेच.

तेव्हापासून मी पहिली गोष्ट बघतो ती ही.

हवा बंद करणं आणि हवा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

मशीनच्या एंट्रीला, एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटरच्या) आधी, असा व्हॉल्व्ह लावा की जो बंद केल्यावर खालची हवा स्वतःहून बाहेर सोडतो. बाजारात स्लाइड व्हॉल्व्ह मिळतो, हातानं सरकवायचा, बंद केला की फुस्स करून खालची लाइन रिकामी होते, किंवा तीन तोंडांचा, हवा सोडणारा बॉल व्हॉल्व्ह मागा. दुकानात नुसतं "बॉल व्हॉल्व्ह द्या" म्हणालात तर दोन तोंडांचाच मिळणार, म्हणून तोंडं मोजून घ्या, तिसरं भोक पाहिजे. आणि त्याला कुलूप घालायला भोक असलेला घ्या. कुलूप घातलं, किल्ली खिशात, आणि मग गेजकडे बघायचं, काटा शून्यावर आला का. काटा शून्यावर आल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

यातही एक पेच आहे. मधल्या पोझिशनला सगळं बंद होणारा ५/३ व्हॉल्व्ह (पाच तोंडं, तीन पोझिशन) असेल, किंवा सिलेंडरवर पायलटवाला चेक व्हॉल्व्ह (वेगळ्या हवेचा इशारा मिळाल्याशिवाय हवा परत न सोडणारा) बसवलेला असेल, तर मेन हवा सोडली तरी सिलेंडरमधली हवा अडकून राहते आणि गेज शून्य दाखवतो. तिथं गेजवर विसंबू नका. अशा ठिकाणी सिलेंडरजवळ हवा सोडायचा छोटा हँड व्हॉल्व्ह देऊन ठेवा. आणि सिलेंडर उभा असेल, त्यावर वजन लटकलेलं असेल, तर उलटी गंमत, हवा सोडली की वजन खाली येणार, म्हणून आधी खाली लाकडाचा ठोकळा किंवा लॉकिंग पिन लावा आणि मगच हवा सोडा. विजेचं तसंच, एमसीबी पाडून त्यावर पाटी आणि कुलूप, आणि मीटरनं कॉइलच्या टोकाला बघून खात्री.

व्हॉल्व्ह हातात घेतल्यावर आधी त्यावरचं वाचा

आपण ५/२ चा (पाच तोंडं, दोन पोझिशन), १/४ इंच पोर्टचा, २४ व्होल्ट डीसी व्हॉल्व्ह धरून चालू, कारण आपल्याकडच्या एसपीएमवर आणि फिक्श्चरवर सगळ्यात जास्त हाच दिसतो. बॉडीवर आकडे कोरलेले असतात. १ म्हणजे हवा आत, २ आणि ४ सिलेंडरकडे, ३ आणि ५ एक्झॉस्ट. जुन्या व्हॉल्व्हवर अक्षरं असतात, पी म्हणजे १, ए म्हणजे ४, बी म्हणजे २. चित्र पण छापलेलं असतं, स्प्रिंग कुठल्या बाजूला आणि कॉइल कुठल्या बाजूला ते त्यात दिसतं, एक मिनिट लागतं पण बघा.

करंट नसताना साध्या ५/२ मध्ये हवा १ कडून २ ला जाते आणि ४ ची हवा ५ मधून बाहेर पडते. करंट दिला की १ कडून ४, आणि २ ची हवा ३ मधून बाहेर. हे पाठ करा कारण पुढचा सगळ्यात मोठा निर्णय यावर आहे: लाइट गेली तर सिलेंडर कुठं जायला पाहिजे?

क्लॅम्प असेल तर लाइट गेल्यावर तो घट्टच राहिला पाहिजे, कारण ड्रिलचा स्पिंडल लगेच थांबत नाही, तो फिरत असताना क्लॅम्प सुटला तर जॉब उडतो. म्हणून क्लॅम्प करणारा पाइप २ नंबरला आणि अनक्लॅम्पचा ४ नंबरला जोडा, म्हणजे करंट दिला तरच सुटेल. आणि ढकलणारा, दाबणारा सिलेंडर असेल, जिथं माणूस हात घालतो, तिथं बरोबर उलटं, करंट गेला की मागे आला पाहिजे. दोन कॉइलचा ५/२ व्हॉल्व्ह घेतलात तर तो करंट गेल्यावर होता तिथंच राहतो, त्याला स्प्रिंग नसते. कुठला चांगला असा प्रश्न नसतो, त्या मशीनवर लाइट गेल्यावर कुठली स्थिती माणसाला सुरक्षित आहे एवढाच प्रश्न असतो, आणि तो पाइप जोडण्याआधी दोघांनी मशीनपाशी उभं राहून ठरवायचा असतो. आता लाइट गेल्यावर क्लॅम्प राहील, पण हवाच गेली तर? त्यासाठी लाइनवर एक प्रेशर स्विच लावा, दाब ठरल्यापेक्षा खाली गेला की स्पिंडल बंद, आणि सप्लायला एक नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे तेवढा वेळ तरी दाब टिकेल. पण मग त्याच्या पुढची हवाही मेन सोडल्यावर अडकून राहते, म्हणून वर सांगितलेला हवा सोडायचा छोटा हँड व्हॉल्व्ह इथंही पाहिजे.

अजून एक आकडा वाचायचा तो दाबाचा. बहुतेक ५/२ व्हॉल्व्ह आतल्या पायलटवर चालतात, म्हणजे कॉइल फक्त एक बारीक भोक उघडते आणि स्पूल (हवेची वाट बदलणारा आतला दांडा) हवेनंच सरकतो. त्यामुळे दीड-दोन बारच्या खाली तो सरकतच नाही. किती तरी जण एक बारवर टेस्टिंग करतात, व्हॉल्व्ह टक टक आवाज करतो पण सिलेंडर हलत नाही, मग कॉइल बदलतात, मग व्हॉल्व्ह बदलतात. लेबलवरचा कमीत कमी दाब बघा आणि त्याच्या थोडं वर टेस्टिंग करा.

पाइपिंग

मेन हेडरवरून ड्रॉप घेताना वरच्या बाजूनं काढा, छत्रीच्या दांड्यासारखा वळवून खाली आणा. खालून काढलात तर हेडरमधलं सगळं पाणी तुमच्या व्हॉल्व्हमध्ये. हेडरला उतार द्यायचा, १०० मीटरला १ मीटर, आणि उताराच्या टोकाला ड्रेन. पावसाळ्यात आपल्याकडे हवेत इतकी ओल असते की जून ते सप्टेंबर कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सोडलं नाही तर एफआरएलचा वाडगा दुपारपर्यंत भरतो, आणि वाडगा भरला की फिल्टर असून नसल्यासारखा.

हेडरला पाण्याचा कडक पीव्हीसी पाइप कृपा करून वापरू नका. स्वस्त पडतो, सोल्युशन लावून पटकन जोडता येतो, दोन वर्षं चालतोही, हे सगळं मान्य. पण दाबलेली हवा पाण्यासारखी नसते, पाण्याचा पाइप फुटला तर पाणी सांडतं, हवेचा फुटला तर त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात, आणि उष्णतेनं, कंप्रेसरच्या तेलानं तो आतून ठिसूळ झालेला असतो ते बाहेरून दिसत नाही. जीआय वापरा, तांबं वापरा, आता हवेसाठीचा ॲल्युमिनियमचा पाइप पण मिळतो. फक्त जीआयला आतून गंजाचे पापुद्रे सुटतात, त्याचा बंदोबस्त पुढे सांगतो.

क्रम असा ठेवा: आधी एंट्रीचा तो हवा सोडणारा हँड व्हॉल्व्ह, मग फिल्टर, रेग्युलेटर, लागत असेल तर लुब्रिकेटर, मग सॉफ्ट स्टार्ट (हवा हळूहळू भरणारा व्हॉल्व्ह), मग सोलेनॉइड. लुब्रिकेटरबद्दल एकच, आजकालचे बरेच व्हॉल्व्ह कंपनीतूनच ग्रीस भरून येतात, तेल नाही दिलं तरी चालतात, पण एकदा तेल द्यायला सुरुवात केली तर ते ग्रीस धुवून जातं आणि मग तेल बंद करून चालत नाही. द्यायचं तर टर्बाइन ऑइल, आयएसओ व्हीजी ३२. हाताला लागेल ते मशीन ऑइल टाकू नका, सील फुगतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्ह जोडण्याआधी लाइन फुंकून काढा. मी बघितलेल्या नव्या मशीनवरच्या अडकलेल्या व्हॉल्व्हपैकी बहुतेक सगळ्यांच्या पोटात कचराच निघालाय, आटे पाडतानाचा बुरा, गंज, टेफ्लॉनचे धागे. पाइपचं टोक जाड कापडाच्या पिशवीत बांधा, कुणी समोर उभं राहणार नाही असं बघा, डोळ्याला गॉगल, आणि हँड व्हॉल्व्ह दोन-तीनदा उघडझाप करा. पिशवी उघडून बघा. पहिल्यांदा जे निघेल ते बघून परत कधी ही पायरी टाळणार नाही. पिशवी स्वच्छ येईपर्यंत करत राहायचं.

आट्यांची गोष्ट. आपल्याकडे बहुतेक माल बीएसपी (ब्रिटिश आटे), पण इम्पोर्टेड मशीनवर एनपीटी (अमेरिकन आटे) येतो आणि दिसायला दोन्ही भाऊ भाऊ. १/४ बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८. दोन फेरे हातानं सहज जातात आणि मग जड होतं, तिथं पाना लावून जोर करू नका, ॲल्युमिनियमची बॉडी आहे, तडकते. १/२ तर दोन्हीत १४ च आटे, फक्त कोन वेगळा, एक ५५ डिग्री आणि एक ६०, त्यामुळे तो बसतोही आणि गळतोही. थ्रेड गेज जवळ ठेवा, फार महाग नसतो.

टेफ्लॉन टेप लावताना टोकाचे पहिले एक-दोन आटे मोकळे ठेवायचे, टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं ताणून दोन-तीन वेढे, बस. टोकापर्यंत टेप लावला की फिटिंग आवळताना तो कातरला जातो आणि थेट स्पूलपाशी जाऊन बसतो. आट्यांवर आधीच रंगीत सीलंट लावलेलं फिटिंग असेल किंवा खाली ओ-रिंग असेल तर टेप लागतच नाही. हातानं घट्ट बसेपर्यंत फिरवा, मग पान्यानं साधारण दीड-दोन फेरे. व्हॉल्व्हची बॉडी दुसऱ्या पान्यानं धरा, कॉइल धरून पिळू नका, आतली नळी वाकते आणि मग प्लंजर (कॉइल ओढते तो आतला लोखंडी तुकडा) कायमचा घासत राहतो.

पीयू ट्यूब, म्हणजे पॉलियुरेथेनची लवचिक नळी. ६३ बोअरला ८ एमएम घ्या, ६ ची घेतलीत तर चालेल पण सुस्त. कापायला ट्यूब कटरच. हॅक्सॉनं, पक्कडीनं, कात्रीनं कापलेलं टोक तिरकं आणि चपटं होतं, पुश फिटिंगमधली ओ-रिंग त्या धारेनं कापली जाते आणि तिथून कायमची सूं सूं सुरू. टोक सरळ कापलंय का ते डोळ्यासमोर धरून बघा, बोटानं धार नाही ना बघा, फिटिंगमध्ये किती आत जायला हवी तेवढ्यावर मार्करनं खूण करा, सरळ दाबा, पहिल्यांदा थोडं अडतं ते ओ-रिंगचं, अजून जोर देऊन खूण झाकेपर्यंत आत, आणि मग मागे ओढून बघा. ही ओढून बघायची सवय हाताला लागली पाहिजे. नुसती ओ-रिंगपर्यंत गेलेली ट्यूब दोन बारला टिकते आणि सहा बारला सुटते, आणि सुटलेली ट्यूब सापासारखी फटके मारते, डोळ्यावर बसली तर डोळा जातो.

ट्यूब काढताना मात्र आधी हवा शून्य. जुनी ट्यूब परत लावायची तर दातांच्या खुणा पडलेलं टोक कापून टाकून नव्या टोकानं लावा. केबल टाय इतका आवळू नका की ट्यूब पिचेल. वळण मोठं ठेवा, हलणाऱ्या सिलेंडरला पूर्ण स्ट्रोक हातानं सरकवून ट्यूब कुठं ओढली जात नाही ना ते बघा. वेल्डिंगजवळ साधी पीयू नको, ठिणगी पडली की भोक, तिथं ठिणगी सहन करणारी ट्यूब मिळते.

३ आणि ५ ला सायलेन्सर लावा. उघडं ठेवलं तर आवाज आणि वरून बुरा आत, प्लग ठोकून बंद केलं तर व्हॉल्व्ह चालणारच नाही, तेही लोक करतात कारण "तिथून हवा लीक होत होती". सिलेंडरच्या वेगासाठी स्पीड कंट्रोलर सिलेंडरवरच लावा आणि बाहेर पडणारी हवा अडवणारा लावा, आत जाणारी नाही, म्हणजे चाल झटके न देता होते. पण हे लक्षात ठेवा, मेन हवा सोडून परत चालू केल्यावर पहिल्या स्ट्रोकला सिलेंडरच्या दुसऱ्या बाजूला हवाच नसते, अडवायला काही नसतं, त्यामुळे पहिला स्ट्रोक धाडकन जातो. स्पीड कंट्रोलर कितीही बंद केलेला असला तरी. सॉफ्ट स्टार्ट व्हॉल्व्ह त्यासाठीच, तो हवा हळूहळू भरतो. नसेल तर निदान हँड व्हॉल्व्ह हळू उघडा आणि मशीनमध्ये कुणाचा हात नाही हे ओरडून विचारा.

वायरिंग

कॉइलवरचा व्होल्टेज दोनदा वाचा. २४ डीसी, २४ एसी, ११० एसी, २३० एसी, सगळ्या कॉइल एकाच आकाराच्या असतात आणि एकमेकांच्या जागी आरामात बसतात. २४ डीसीच्या कॉइलला २३० दिलं तर क्षणात धूर. २४ व्होल्टची ४.८ वॉटची कॉइल मीटरवर साधारण १२० ओहम दाखवते आणि ०.२ अँपिअर घेते, कनेक्टर काढून थेट कॉइलच्या पिनांवर मोजा कारण कनेक्टरमध्ये एलईडी असेल तर रीडिंग फसवं येतं. आणि एसी कॉइलला करंट चालू असताना ती व्हॉल्व्हच्या नळीवरून काढून हातात धरून ठेवायची नाही, आत लोखंड नसलं की ती भरपूर करंट ओढते आणि जळते. एसीच्या व्हॉल्व्हमध्ये प्लंजर कचऱ्यानं अर्ध्यात अडकला तरी तसंच होतं, म्हणजे जळलेली एसी कॉइल दिसली की वायरमननं फिटरला हाक मारायची, पाइपमध्ये कचरा आहे.

चौकोनी डीआयएन कनेक्टरमध्ये १ आणि २ सप्लाय, आणि वेगळी रुंद पिन अर्थिंगची. २३० असेल तर हिरवी-पिवळी वायर त्या पिनला लागलीच पाहिजे, यात चर्चा नाही. आणि २३० वर स्विचिंग फेजमध्ये करा. न्यूट्रल तोडला तर व्हॉल्व्ह बंद होतो पण कॉइलवर फेज उभाच असतो, आणि वायरमनला वाटतं बंद आहे.

२४ डीसीला कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, शेकडो व्होल्टचा, तो पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) आउटपुट किंवा रिलेचा (विजेनं चालणाऱ्या स्विचचा) पॉइंट खातो. म्हणून प्रत्येक कॉइलला डायोड, १एन४००७ चालतो, पांढरी पट्टी प्लसकडे. उलटा लावलात तर तो सरळ शॉर्ट होतो आणि पीएलसीचा ट्रान्झिस्टर जातो, म्हणून करंट देण्याआधी मीटरनं दिशा बघा. एलईडी आणि सप्रेसर असलेला तयार कनेक्टर घेतला तर सगळ्यात बरं, त्यावर प्लस-मायनसची खूण असते ती पाळा. डायोड हा फक्त डीसीला, एसी कॉइलला व्हॅरिस्टर (जास्तीचा व्होल्टेज शोषणारा पार्ट).

पीएलसीच्या ट्रान्झिस्टर आउटपुटला बरेचदा एका पॉइंटला ०.५ अँपिअरची मर्यादा असते, पण सगळ्या ग्रुपची मिळूनही वेगळी मर्यादा असते, मॅन्युअलमध्ये दोन्ही बघा. शंका असेल तर मध्ये रिले टाका. दोन कॉइलच्या व्हॉल्व्हला दोन्ही कॉइल एकदम चालू होणार नाहीत असा इंटरलॉक प्रोग्रॅममध्ये द्या.

आता कॉमन वायरचं. एका कन्व्हेयरवर १० व्हॉल्व्ह होते, पॅनलपासून ५० मीटर. एकेक चालवले की सगळे चालायचे, सगळे एकदम आले की दोन-तीन रुसायचे, आणि कुठले रुसतील ते रोज वेगळं. महिनाभर व्हॉल्व्ह बदलणं चाललं होतं. शेवटी आम्ही सगळे चालू ठेवून कॉइलच्या टोकाला मीटर लावला, पॅनलला २४.१ आणि इथं साडेवीसच्या आसपास. कॉइल सहसा १० टक्के कमी चालवून घेते, म्हणजे २१.६ पर्यंत. सगळ्यांचा शून्य व्होल्टचा कॉमन एकाच ०.५ स्क्वेअर वायरनं आणला होता. ०.५ च्या तांब्याच्या वायरला एका किलोमीटरला साधारण ३९ ओहम, ५० मीटरला जवळजवळ २ ओहम, आणि त्यातून दहाही कॉइलचे मिळून जवळपास दोन अँपिअर. म्हणजे तीन-साडेतीन व्होल्ट त्या एका वायरीतच खर्च. कॉमन १.५ स्क्वेअरचा ओढला, मीटर साडेबावीसवर आला आणि त्यानंतर तक्रार नाही. तेव्हा प्रत्येक कॉइलची वायर ०.५ किंवा ०.७५ ची चालेल, कॉमन मात्र सगळ्यांची बेरीज करून घ्या, आणि एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) पण बेरजेच्या दुप्पट.

वायरीच्या टोकाला पिन लग क्रिंप करून लावा, नुसते तार पिळून स्क्रूखाली दाबू नका, मशीनच्या थरथरण्यानं एक तार सुटून शेजारच्या पिनला लागतो. २४ च्या वायरी २३० च्या आणि मोटरच्या केबलपासून वेगळ्या डक्टमधून न्या. कनेक्टरखालचं रबर गॅस्केट बऱ्याच ठिकाणी हरवलेलं सापडतं, ते असल्याशिवाय कनेक्टर वॉटरप्रूफ नाही. ग्लँड (केबल आत शिरते तिथला आवळायचा नट) केबलच्या जाडीचा घ्या, केबलला कनेक्टरच्या खाली एक झोल द्या म्हणजे कूलंट किंवा पाणी ओघळून खाली ठिबकेल, आत शिरणार नाही. कनेक्टरचं तोंड फिरवता येतं, आतला भाग काढून दुसऱ्या दिशेनं बसवा, म्हणजे केबल वरून न येता खालून येईल.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल एकच सांगतो, तो दाबल्यावर नुसती पीएलसीला खबर जाऊन भागत नाही, कॉइलची सप्लाय प्रत्यक्ष तुटली पाहिजे, सेफ्टी रिलेमधून. आणि सप्लाय तुटल्यावर कुठला सिलेंडर कुठं जाणार ते वर २ आणि ४ च्या वेळी ठरवलेलंच असणार.

पहिल्यांदा चालू करताना

वीज बंदच ठेवा. हँड व्हॉल्व्ह हळू उघडा, रेग्युलेटर तीन बारवर, गेज बघत. कुठं आवाज येतोय का ऐका, साबणाचं पाणी ब्रशनं प्रत्येक जोडावर लावा, फेस आला की हवा सोडून परत काम, चालू हवेत फिटिंग आवळायचं नाही. मग व्हॉल्व्हवरचं छोटं बटण, मॅन्युअल ओव्हरराइड, बारीक स्क्रूड्रायव्हरनं दाबा, सिलेंडर ठरवलेल्या दिशेनंच जातो का बघा. काही बटणं दाबून फिरवली की लॉक होतात. काम झाल्यावर ते लॉक काढलं का हे दोघांनी बघायचं, कारण लॉक राहिलं तर पीएलसी बंद म्हणते आणि व्हॉल्व्ह चालू असतो.

हे झाल्यावर वीज, एकेक आउटपुट हातानं चालवून. एलईडी लागला, टक आवाज आला, सिलेंडर हलला, तीनही बघा. एलईडी लागतो पण आवाज नाही तर कॉइल किंवा प्लंजर. आवाज आहे पण हलत नाही तर दाब कमी किंवा स्पूलमध्ये कचरा. बंद केल्यावरही व्हॉल्व्ह सुटत नाही असं झालं आणि आउटपुट एसएसआरचा (इलेक्ट्रॉनिक रिलेचा) असेल तर त्यातून बारीक करंट गळत असतो, छोटी कॉइल तेवढ्यावर धरून राहते, मध्ये रिले टाका. ३ किंवा ५ मधून सतत हवा येत असेल तर व्हॉल्व्हला लगेच दोष देऊ नका, सिलेंडरचं सील गेलं तरी हवा तिथूनच येते. हवा शून्य करा, सिलेंडरच्या दोन्ही ट्यूब व्हॉल्व्हपासून काढा, २ आणि ४ ला प्लग लावा, हवा द्या. अजूनही एक्झॉस्टमधून येते तर व्हॉल्व्ह, थांबली तर सिलेंडर.

कॉइल हाताला चटका बसेल इतकी गरम लागली म्हणून घाबरू नका, बराच वेळ चालू राहणारी कॉइल ६०-७० डिग्रीला सहज जाते, हात लावून बघूच नका. जळल्याचा वास आला तरच बदला.

शेवटी नंबर घाला. वायरीच्या फेरूलवर (नंबराच्या नळीवर) जो नंबर तोच व्हॉल्व्हवर, तोच ट्यूबच्या दोन्ही टोकांना, तोच पीएलसीच्या आउटपुटवर. आमच्याकडे व्हॉल्व्ह नंबर ७ म्हणजे ट्यूब ७-२ आणि ७-४, वायर ७. रात्री दोन वाजता मशीन थांबलं की फिटर आणि वायरमन एकमेकांना फोन करतात तेव्हा दोघांच्या तोंडी एकच नंबर असतो, आणि कोण कुठली हवा सोडतोय आणि कोण कुठली वायर काढतोय यात गोंधळ होत नाही.